‘आधी हे शिकून या’ म्हणजे नेमके काय? संगणकशास्त्रातील पूर्वअटी, शिकवणाऱ्यांच्या नजरेतून

प्रवेशाचे दिवस सुरू झाले की पालक आणि विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: बारावीला अमुक विषय नव्हता, तरी संगणकशास्त्राकडे वळता येईल का? नियमांचे उत्तर अलीकडे अधिकाधिक वेळा ‘हो’ असे येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या नियमांनुसार, राष्ट्रीय किंवा विद्यापीठ स्तरावरील संबंधित प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास बारावीच्या विषयांशी संबंध नसलेल्या पदवी अभ्यासक्रमालाही प्रवेश घेता येतो. एमसीए, म्हणजे संगणक उपयोजनातील पदव्युत्तर पदवी, २०२०-२१ पासून तीन वर्षांऐवजी दोन वर्षांचे झाले. बारावीला किंवा पदवीला गणित घेतलेले बीकॉम आणि बीएचे विद्यार्थी ‘ब्रिज कोर्स’, म्हणजे राहिलेली तयारी भरून काढणारा जोडअभ्यासक्रम, पूर्ण करण्याच्या अटीवर त्यात येऊ शकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. त्यामुळे वाणिज्य शाखेतील विद्यार्थी मुक्त विषय म्हणून संगणकाचा एखादा विषय सहज निवडू शकतो.

दार रुंद झाले आहे आणि ते व्हायलाच हवे होते. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला मात्र पहिल्या दिवसापासून एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते: समोर बसलेल्या सत्तर जणांना आधीचे काय काय येते असे धरून मी बोलायला सुरुवात करू? मी दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती संगणकाच्या स्मृतीत कशी रचून ठेवायची याचे शास्त्र, शिकवते. हा लेख त्या प्रश्नातूनच लिहिला आहे.

कागदावरची व्याख्या

एखादा विषय घेण्याआधी जो विषय पूर्ण केलेला असावा लागतो, त्याला पूर्वअट म्हणू. महाविद्यालयात सगळे ‘प्रीरिक्विझिट’ म्हणतात. दोन विषय एकाच सत्रात सोबत शिकायचे असतील, तर ती सहअट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पदवी आराखड्यात विषयांना पातळीनुसार क्रमांक दिले आहेत: १०० ते १९९ पायाभूत, २०० ते २९९ मध्यम, ३०० ते ३९९ उच्च, आणि त्यापुढे प्रगत. त्याही खाली ० ते ९९ हा पट्टा केवळ पूर्वअटींच्या विषयांसाठी राखलेला आहे. या विषयांना श्रेयांक (क्रेडिट) नाहीत, निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो, आणि आजवर काही महाविद्यालये अनौपचारिकपणे घेत असलेल्या ब्रिज कोर्सची जागा त्यांनी घ्यावी अशी अपेक्षा आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमपत्रिकेतही विषयाच्या नावाखाली ‘पूर्वअट असल्यास’ अशी ओळ छापलेली असते. ती ओळ सूचना देते; तेवढ्यावरून कोणाला वर्गाबाहेर ठेवले जात नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत याउलट, पूर्वअट पूर्ण नसेल तर नोंदणीची संगणकीय प्रणाली विषय निवडूच देत नाही. नाव एकच असले तरी तिथे ते कुलूप आहे, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दारावरची पाटी. पाटी न वाचताही आत येता येते.

पाढे आणि भागाकार

पूर्वअट का लागते हे समजण्यासाठी चौथी-पाचवीतला मोठा भागाकार आठवावा. ज्याचे पाढे तोंडावर आहेत तो भाग देणे, वजा करणे, पुढचा अंक खाली उतरवणे या क्रमाकडे लक्ष देऊ शकतो. ज्याला दर वेळी ‘सात आठे किती’ हे बोटांवर मोजावे लागते, तो मोजून येईपर्यंत आपण भागाकाराच्या कोणत्या पायरीवर होतो हेच विसरलेला असतो. बाहेरून दिसते की त्याला भागाकार येत नाही. खरे तर भागाकार शिकायला लागणारे लक्ष पाढ्यांतच खर्ची पडलेले असते. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या ‘आकलनभार’ सिद्धांताचा गाभा हाच आहे: आपण एका वेळी मनात थोड्याच गोष्टी धरू शकतो, आणि आधीचे ज्ञान अंगवळणी पडलेले असेल तरच नव्यासाठी जागा उरते.

माझ्या विषयातले ‘पाढे’ म्हणजे पॉइंटर. ज्या चलात (व्हेरिएबलमध्ये) प्रत्यक्ष मूल्य न ठेवता, ते मूल्य स्मृतीत कुठे आहे याचा पत्ता ठेवलेला असतो, तो पॉइंटर. पहिल्या वर्षी ‘सी’ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तो शिकवला जातो. दुसऱ्या वर्षी मी लिंक्ड लिस्ट शिकवते. ती आगगाडीसारखी असते आणि प्रत्येक डब्याकडे फक्त पुढच्या डब्याचा पत्ता असतो. मध्ये नवा डबा घालायचा असेल, तर आधी नव्या डब्याला पुढच्याचा पत्ता द्यायचा आणि मग मागच्याला नव्याचा. हा क्रम उलटा झाला, तर मागच्या डब्याकडचा जुना पत्ता पुसला जातो, आणि पुढची सगळी गाडी स्मृतीत कुठेतरी उभी असूनही तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग उरत नाही. ज्याला पॉइंटर कळला आहे त्याला हे एकदा फळ्यावर दाखवले की पुरते. ज्याने पॉइंटरची चिन्हे परीक्षेपुरती पाठ केली आहेत, तो माझ्या विषयातल्या ओळीही पाठ करू लागतो, आणि आकृतीतला पत्ता दाखवणारा एक बाण बदलला की अडतो.

गणिताचेही तसेच आहे. दहा लाख नावांच्या अकारविल्हे यादीत एक नाव शोधायचे असेल, तर दर वेळी यादी मधोमध दुभागत गेल्यास वीस तुलना पुरतात, कारण २ चा विसावा घात १०,४८,५७६ आहे. हे वाक्य ऐकताना ज्याच्या मनात घातांक आणि लॉगॅरिदम (२ चा कितवा घात घेतला की ती संख्या येते, हे सांगणारा आकडा) जागे होतात, त्याला दुभागणीच्या शोधाची ताकद त्या क्षणी कळते. ज्याच्या मनात काही जागे होत नाही, त्याला ‘लॉग एन’ हे पाठ करायचे आणखी एक सूत्र वाटते.

शिकवणाऱ्यांच्या मनात असते ते एकच नव्हे

सर्वसामान्य समज असा की पूर्वअट म्हणजे आधीच्या विषयातला मजकूर. शिक्षकांच्या खोलीत बसून ऐकले, तर वेगवेगळे शिक्षक या एकाच शब्दाने वेगवेगळ्या गोष्टी मागतात हे लक्षात येते, आणि गोंधळाचे मूळ मला इथेच दिसते.

डेटा स्ट्रक्चर्सचा शिक्षक हाताची सवय मागतो: वीस-तीस ओळींचा प्रोग्रॅम कोणाच्या मदतीशिवाय लिहिता यावा, तो चुकला तर चूक कुठे आहे ते शोधता यावे. त्याला पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली सगळी प्रकरणे नको असतात. चार-पाच गोष्टी पक्क्या हव्या असतात. अल्गोरिदम, म्हणजे प्रश्न सोडवण्याच्या पायऱ्यांची पद्धत, शिकवणाऱ्याला बहुधा त्याहून सूक्ष्म असे काही हवे असते. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, म्हणजे संच, तर्क, गणिती विगमन, आलेख यांचे गणित, पूर्वअट म्हणून सांगताना तो एखाद्या विशिष्ट प्रमेयापेक्षा ‘हे नेहमीच खरे आहे कशावरून?’ असे विचारण्याची सवय मागत असतो. तिला गणिती परिपक्वता म्हणतात. ही अट सगळ्यांत खरी आणि तपासायला सगळ्यांत अवघड, कारण परिपक्वतेला गुणपत्रिकेत रकाना नसतो.

मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्याचे तंत्र, शिकवणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. त्याला रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि थोडे कलनशास्त्र असे तीन धागे एकदम लागतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आकर्षणामुळे विद्यार्थी मात्र आधी त्याच वर्गात येऊ पाहतात. मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकटीचा, गुणाकार यांत्रिकपणे करता येणारा, पण तो गुणाकार एका बिंदूला दुसरीकडे नेतो हे कधीच न पाहिलेला विद्यार्थी तयार लायब्ररीची, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या संचातली, तीन फंक्शन्स (ठरलेले काम करणारे तुकडे) चालवून निकाल काढतो, आणि निकाल चुकीचा आला तर त्याच्यापुढे हतबल होतो.

हे बदलते चित्र आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक आराखड्यांतही उमटले आहे. अमेरिकेतील एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संघटनांच्या २०१३ च्या आराखड्यात गणिताचा गाभा ‘डिस्क्रीट स्ट्रक्चर्स’ एवढाच होता. कलनशास्त्र प्रत्येकाला लागतेच असे त्यात धरलेले नव्हते. २०२३ च्या आराखड्यात त्या जागी ‘गणिती आणि सांख्यिकी पाया’ असा विस्तृत विभाग आला आणि त्यात संभाव्यता, सांख्यिकी, रेषीय बीजगणित व कलनशास्त्र यांचा समावेश झाला. दहा वर्षांत अपेक्षा वाढल्या, आणि त्याच काळात आपल्याकडे प्रवेशाच्या विषयांच्या अटी सैल झाल्या. या दोन टोकांमधले अंतर कोणीतरी भरून काढावेच लागणार आहे.

‘पण तो विषय पास झालो आहे ना?’

विद्यार्थ्यांचा हा आक्षेप रास्त आहे. विद्यापीठाने उत्तीर्ण म्हटल्यावर शिक्षकाने शंका का घ्यावी?

उत्तीर्ण होणे आणि पुढच्या विषयासाठी तयार असणे ही दोन मापे आहेत. शंभरपैकी चाळीस गुणांवर उत्तीर्ण होता येते, आणि ते चाळीस कोणत्या प्रकरणांतून आले हे गुणपत्रिका सांगत नाही. पॉइंटरचे प्रकरण पूर्ण सोडून देऊनही प्रोग्रॅमिंगचा विषय सुटू शकतो, आणि माझ्या वर्गाला नेमके तेच प्रकरण लागते. शिवाय आपल्याकडे एटीकेटीची सोय आहे. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येते, म्हणून पहिल्या वर्षाचा प्रोग्रॅमिंगचा पेपर बाकी असलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या वर्गात रीतसर बसलेला असतो. एका पेपरसाठी वर्ष वाया जाऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती काढून टाकावी असे मी म्हणणार नाही. पण ती आहे तोवर पूर्वअटीची छापील ओळ पुष्कळांच्या बाबतीत कागदावरच राहते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०१९ मध्ये याच प्रश्नावर एक अभ्यास मांडला. वरच्या वर्गातील संगणकाच्या विषयाला बसलेल्या विद्यार्थ्यांची पूर्वअटींच्या मूलभूत कल्पनांवर त्यांनी चाचणी घेतली. आधीचे विषय रीतसर पूर्ण केलेल्या अनेकांची पकड कच्ची निघाली, आणि सुरुवातीच्या पकडीचा शेवटच्या यशाशी संबंध दिसला. असा संबंध म्हणजे कारण नव्हे हे इथे सांगायला हवे. मुळात मेहनती असलेला विद्यार्थी दोन्हीकडे चांगले करील. तरीही पहिला निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण कुलूप लावलेल्या व्यवस्थेतही कच्चेपण आत येतेच हे त्यातून दिसते.

खो कोणाला द्यायचा?

विद्यार्थ्याला आधीचे येत नाही हे दिसल्यावर शिक्षकाने काय करावे, याबाबत शिकवणाऱ्यांत खरे मतभेद आहेत. काहींचे म्हणणे असे की मागचे पुन्हा शिकवण्यात दोन आठवडे गेले, तर माझा विषय अपुरा राहतो आणि पुढच्या शिक्षकाकडे तेच कच्चेपण पोहोचते. शिवाय जे तयारीने आले आहेत त्यांच्यावर अन्याय होतो. दुसरा गट म्हणतो की समोर बसलेला विद्यार्थी हाच माझा विद्यार्थी, कागदावरचा आदर्श विद्यार्थी नव्हे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण चर्चा बहुधा खो-खोच्या वळणाने जाते: तिसऱ्या वर्षाचा शिक्षक दुसऱ्या वर्षाला खो देतो, दुसऱ्याचा पहिल्याला, पहिल्याचा बारावीला आणि बारावीचा शाळेला.

मी स्वतः अनेक वर्षे पहिल्या गटात होते. मत बदलले ते थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या पदविकाधारकांमुळे. तंत्रनिकेतनात तीन वर्षे घालवलेले हे विद्यार्थी प्रयोगशाळेत इतरांहून सफाईने काम करतात. प्रोग्रॅम चालवून पाहणे, बिघाड शोधणे त्यांना सवयीचे असते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित मात्र त्यांनी त्या क्रमाने केलेले नसते. त्यामुळे गणिताच्या तासाला ‘यांचा पाया कच्चा’ असा शिक्का बसतो आणि माझ्या प्रयोगशाळेत तेच पुढे असतात. ‘पाया’ हा एकच दगड नसतो, आणि विद्यार्थ्याला काय येते हे विषयाच्या नावावरून ठरवता येत नाही, हे मला त्यांच्याकडून उमगले.

अट म्हणजे दार बंद करणेच नव्हे का?

हा सगळ्यांत गंभीर आक्षेप आहे. पूर्वअटींची साखळी जितकी लांब, तितके एका कडीवर अडकण्याचे नुकसान मोठे. एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल आणि त्यावर पुढचे चार विषय अवलंबून असतील, तर एका नापासाची किंमत एक वर्ष होते. अमेरिकेत अभ्यासक्रमांचा असा नकाशा काढून, प्रत्येक विषय पुढचे किती विषय अडवतो आणि सर्वांत लांब साखळी किती सत्रांची आहे, हे मोजण्याची पद्धत रूढ होऊ लागली आहे. असा नकाशा काढला की केवळ परंपरेने चालत आलेल्या अटीही उघड्या पडतात. जी अट काढल्याने पुढच्या विषयाचे काहीच बिघडत नाही ती काढावी; शिक्षकाच्या प्रतिष्ठेसाठी ती ठेवू नये.

काही अटी तर लिहिलेल्याच नसतात, आणि त्या अधिक अन्यायकारक असतात. इंग्रजी ही त्यांतली मोठी. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) समजत असतो, पण एरर मेसेजमधले वाक्य आणि पुस्तकातला परिच्छेद समजत नाही, आणि शिक्षकाला वाटते की त्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही. पिंपरी-चिंचवडमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१-२२ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतूनही शिकवली जाऊ लागली, ती या न लिहिलेल्या अटीला हात घालणारी घटना होती. घरी संगणक असणे ही अशीच दुसरी अट. आठवड्यातून दोन तास प्रयोगशाळेत मिळणाऱ्या संगणकावर प्रोग्रॅमिंग अंगवळणी पडत नाही, जसे आठवड्यातून एकदा तबल्यावर हात ठेवून ठेका बसत नाही.

म्हणून अट आहे हे विद्यार्थ्यापासून लपवण्यात मला माणुसकी दिसत नाही. ‘या, सगळ्यांना जमेल’ म्हणून आत घ्यायचे आणि दुसऱ्या चाचणीत एकेरी गुण द्यायचे, यात त्याचेच नुकसान होते, आणि ‘आपल्यातच काही कमी आहे’ हा समज त्याच्या मनात घर करतो. काय लागते ते आधी स्पष्ट सांगणे आणि ते मिळवायला वेळ व माणूस देणे हे त्याहून न्याय्य आहे.

आता तर यंत्रच कोड लिहिते

नवा आक्षेप असा की चॅटजीपीटीसारखी साधने पहिल्या वर्षाचे सगळे प्रोग्रॅम क्षणात लिहून देतात, मग ते विद्यार्थ्याला यायलाच हवेत असा आग्रह का? कॅल्क्युलेटर आल्यावरही पाढे का, असे विचारले गेले होते, आणि उत्तर वर दिलेल्या भागाकारातच आहे. यंत्राने लिहिलेल्या लिंक्ड लिस्टमध्ये दोन ओळींचा क्रम उलटा झाला असेल, तर ते ओळखायला पॉइंटर कळलेला माणूसच लागतो.

या साधनांमुळे शिक्षकांची खरी अडचण निराळी झाली आहे. घरून करून आणलेल्या कामाच्या गुणांवरून विद्यार्थ्याची तयारी आता अजिबात कळत नाही. पूर्वअट पूर्ण झाल्याचा कागद आधीच दुबळा पुरावा होता, तो आणखी दुबळा झाला. त्यामुळे हातात कागद-पेन्सिल देऊन किंवा समोर बसवून विचारणे पुन्हा महत्त्वाचे ठरते आहे.

पहिल्या आठवड्यातला अर्धा तास

मी आता अट विषयाच्या नावाने लिहीत नाही. ‘सी प्रोग्रॅमिंग आवश्यक’ याऐवजी पहिल्या तासाला फळ्यावर पाच वाक्ये लिहिते: दहा आकड्यांतला सर्वांत मोठा शोधणारा प्रोग्रॅम लिहिता येतो, फंक्शनला मूल्य पाठवणे आणि पत्ता पाठवणे यांतला फरक उदाहरणाने सांगता येतो, लूप किती वेळा फिरेल हे न चालवता सांगता येते, २ चा दहावा घात १,०२४ कसा येतो आणि उलट दिशेने लॉगॅरिदम म्हणजे काय ते माहीत आहे, स्वतःलाच बोलावणारे फंक्शन कागदावर पायरी-पायरीने उलगडता येते. मग त्यांवरच अर्ध्या तासाची, गुण नसलेली चाचणी होते. गुण नाहीत हे दोनदा सांगावे लागते, कारण गुण आहेत असे वाटले की विद्यार्थी आपले न येणे झाकतात.

कोणाला काय येत नाही याची यादी त्याच संध्याकाळी हातात येते. शेवटचे वाक्य बहुतेकांना जमत नाही, म्हणून ते मी सगळ्यांनाच पुन्हा शिकवते. त्याला एक तास लागतो, दोन आठवडे नव्हे. दुसऱ्या वाक्यावर अडणाऱ्यांसाठी शनिवारी प्रयोगशाळा उघडी ठेवते आणि तिथे पदविकेहून आलेले विद्यार्थी त्यांच्याशेजारी बसतात. पहिल्याच वाक्यावर अडलेल्याशी मात्र स्वतंत्र बोलावे लागते. त्याला हा विषय अशक्य नसतो, पण या सत्रात आठवड्याचे सहा-सात तास जास्तीचे द्यावे लागतील हे त्याला आधी कळायला हवे, म्हणजे मुक्त विषय कोणता घ्यायचा किंवा राहिलेला पेपर कधी सोडवायचा हे त्याला ठरवता येते.

बीकॉम करून एमसीएला किंवा कला शाखेतून संगणकाच्या मुक्त विषयाला येणाऱ्याने प्रवेश निश्चित झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांत हीच पाच वाक्ये स्वतःला विचारून पाहावीत, आणि ज्या वाक्यावर अडेल तिथून सुरुवात करावी. कोणत्याही भाषेत, रोज तासभर, यंत्राला न विचारता, आधी वहीत आणि मग संगणकावर. ब्रिज कोर्सच्या पहिल्या दिवशी शिक्षकाला ‘मला सगळे नवीन आहे’ असे न सांगता ‘मी दुसऱ्या वाक्यापर्यंत आलो आहे’ असे सांगता आले, तर त्या शिक्षकाला कुठून सुरुवात करायची ते कळते.